साडूचा फ्रेंच मुकाबला

फ्रेंचचं एक वाक्य धड न येता फ्रेंच रॅपवर अधिकारवाणीनं बोलणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. जर्मनीत लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात हा मोठा संशोधक. पण केमिस्ट्रीतलं काही विचारलं तर दोन वाक्यांत आटपेल, आणि चुकून फ्रान्सचं नाव काढलं तर जेवण गार होईपर्यंत सुटका नाही. फ्रेंचमध्ये रॅप होऊच शकत नाही असं भलेभले म्हणत होते, तेव्हा ज्या पोरांनी तो करून दाखवला त्यांचा ग्रुप म्हणजे याचं दैवत. जगात जे काही बरं घडलं ते त्यांच्यामुळे, असा याचा सिद्धांत. उपनगरांत राहणाऱ्या, बाहेरून आलेल्यांच्या पोरांना कंठ फुटला, त्यांच्यामुळे. जर्मन पोरं जर्मनमध्ये रॅप करायला लागली, त्यांच्यामुळे. "आणि तुझी ही पॅन्ट?" मी एकदा विचारलं. त्या पॅन्टीत आमची दोन्ही कुटुंबं मावली असती. "गेनाऊ! अगदी बरोबर! तीही त्यांच्यामुळेच," तो अभिमानानं म्हणाला.

एकदा स्ट्रासबुर्गचं चर्च दाखवतो म्हणून आम्हाला सीमेपलीकडे फ्रान्समध्ये नेलं आणि दिवसभर तळघरातल्या एका सीडीच्या दुकानात उभं केलं. चर्च आम्ही परतताना गाडीच्या काचेतून पाहिलं. रविवारी दुपारी, जेव्हा जर्मनीत भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतात, नेमका तेव्हा हा स्पीकर लावणार. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तक्रार घेऊन आल्या, तर त्यांना सोफ्यावर बसवून यानं त्या ग्रुपचे समाजावरचे उपकार समजावून सांगितले. त्या पुन्हा कधी तक्रारीला आल्या नाहीत. शहाण्या होत्या.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात गाड्यांना झेंडे लागले होते, तेव्हा नागपूरहून साडूचे वडील आले. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत गायचे, कव्वालीच्या मुकाबल्यात समोरच्याला गप्प करायचे. इथं त्यांनाच गप्प केलं दहा वर्षांच्या नातीनं. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्ये. आबा विचारत, "जेवलीस का गं?" ती म्हणे, "या, शोन," म्हणजे हो, केव्हाच, आणि निघून जाई. आबा हिरमुसून खिडकीशी बसत. जायला आठवडा उरला तेव्हा मला म्हणाले, "अहो पाहुणे, पोरीशी दोन शब्द बोलून जायचं होतं."

यावर साडूनं काय उपाय काढावा? मराठी आणि जर्मनचं जिथं जमेना, तिथं या शहाण्यानं फ्रेंच आणली. आजोबा-नातीला समोरासमोर बसवून त्या ग्रुपची सीडी लावली. मी कपाळावर हात मारला.

गाण्यात एक जण टोमणा मारी आणि दुसरा तो उलटवी. आबा डोळे मिटून ऐकत होते, ते एकदम ताठ बसले. "अरे, हा तर मुकाबला!" त्यांनी टेबलावर ठेका धरला आणि नातीकडे बोट करून सुनावलं:

"बसली माझी नात, तोंडाला टाळं,
कुणी टाकलं गं तुझ्यावर परदेशी जाळं?"

पोरगी चमकली. सवयीनं जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. आबांनी मान हलवली. "नाही चालत. मुकाबल्यात जवाब त्याच यमकात द्यावा लागतो. नाही तर हरलीस."

हरणं त्या घरात कुणाच्याच रक्तात नव्हतं. तिनं ओठ चावला, छताकडे पाहिलं आणि आबांच्याच ठेक्यात बोटं आपटली:

"आबा, तू म्हातारा, तुझं केस का काळं?
बाथरूममध्ये बाटली बघितली मी, सगळं खोटं काळं!"

व्याकरणाचा खून पडला होता. आबा कलप लावलेल्या डोक्यावर हात ठेवून इतके हसले की डोळे पुसायची वेळ आली. साडू उठला आणि त्यानं गाणं मध्येच बंद केलं. असं करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी तो मला फार आवडला, हे कबूल करायला आजही जड जातं.

पुढं दर रविवारी फोनवर मुकाबला चाले. मग एका हिवाळ्यात आबा गेले. साडू अजून व्याख्यानं झोडतो आणि मी अजून जांभया देतो. पण कधी जेवताना पोरगी टेबलावर ठेका धरते आणि मराठीत एक ओळ टाकते. तिला जवाब आता साडू देतो. वडिलांचा गळा त्याला आला नाही, आणि यमक तर सात जन्मांत जुळायचं नाही. तो अडखळतो, ती वाट बघते, आणि मग तिच्यावरच उलटणारी त्याची ओळ तीच त्याला हळूच पुरी करून देते.