साडूभाऊंचा अर्धा राहिलेला पाठ

आमच्या साडूभाऊंसारखा हाडाचा मास्तर नांदेड-लातुरात दुसरा नाही, पण त्यांना वर्गावर उभं करायची बुद्धी सरकारला काही झाली नाही. आयटीआयात गवंडीकाम शिकवणारा निदेशक व्हायचा कोर्स ते पहिल्या नंबरानं पास झाले. त्यांच्या तुकडीतला एक जण एसटीत कंडक्टर झाला, एकानं उदगीरला सिमेंटचं दुकान टाकलं, आणि साडूभाऊ मुलाखतीच्या कॉलची वाट बघत भेटेल त्याला शिकवत राहिले. भूकंपानंतर आमचं अहमदपूरचं घर बांधताना कोपऱ्यात सळया कशा गुंतवायच्या हे त्यांनी गवंड्यासोबत मलाही शिकवलं. "समजलं म्हणू नका, करून दाखवा," असा त्यांचा खाक्या. शेवटच्या माणसाला येईपर्यंत काम पुढे सरकायचं नाही. माझी बायको बिचारी चहा घेऊन आली, तर तिलाही सळई वाकवावी लागली.

वयाची अट संपायला महिना उरला आणि नांदेडहून कॉल आला. ही शेवटचीच संधी. मी सोबत गेलो आणि खिडकीशी उभा राहिलो. वीस मिनिटांत विटांचा कोपरा रचून पाठ घ्यायचा, समोरचे तीन साहेब हेच विद्यार्थी. पंधरा मिनिटं पाठ झकास रंगला. मग साडूभाऊंनी सवयीनं विचारलं, "आलं का सगळ्यांला?"

"हाव, आलं. पुढं चला," मधले साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"करून दाखवा."

साहेबांनी नाइलाजानं वीट ठेवली. सांध्यावर सांधा येऊ नये, तर नेमका तोच आला. मी खिडकीतून हातवारे करतोय, सोडा म्हणून! साडूभाऊंनी शांतपणे अख्खा कोपरा उतरवला आणि पहिल्या विटेपासून सुरुवात केली. घंटा वाजली तेव्हा पाठ अर्धाच झाला होता. बाहेर आल्यावर मी भयंकर चिडलो.

"अवो, त्यायला आलंच न्हवतं," ते म्हणाले. आणि हाताची धूळ झटकत एसटीकडे निघाले.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लीबोळात जो तो 'सर' झाला, आणि साडूभाऊ त्या सरांच्या इमारतींवर मुकादम. अशाच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर माझी मुलगी शिकत होती. मी तिला भेटायला लातुरात उतरलो होतो, तेवढ्यात भर दुपारी जमीन हलली. धावत पोचलो. रस्त्यावर पालकांची दाटी, पोरं जिन्यानं उतरताहेत, माझीच दिसेना. शेजारच्या बांधकामावरून आलेले साडूभाऊ खाली कोपऱ्यातल्या खांबावर तळहात ठेवून उभे होते.

"भिऊ नका. शेवटच्या गड्याला आल्याबगर ह्यो कोपरा वर जाऊ दिला न्हाई."

मुलगी उतरली, मला बिलगली.

"चला सर, चहा घेऊ," मी म्हणालो.

मी कोणाला हाक मारली ते बघायला साडूभाऊंनी मागे वळून पाहिलं.