आक्काचा अंगठा

कोणी मोटरसायकलचं इंजिन कव्हर घेऊन आलं की आक्का आधी गिऱ्हाइकाकडे बघायची, मग कव्हराकडे, आणि दोघांनाही नापास करायची.

"हे काय केलंय?"

"घरी जरा घासून बघितलं होतं."

"कशानं? विटेनं?"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे मोरी, मोरीपाशी आक्काचा बुटका स्टूल. पुढे दाराशी तिच्या धाकट्या भावाची विजेची मोटर आणि मोटरीवर फिरणारं कापडाचं चाक. आक्कानं घासायचं, भावानं चमकवायचं. एकशेऐंशी नंबरच्या जाड पॉलिश पेपरपासून सुरू करायचं ते दोन हजारच्या बारीकपर्यंत. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा मारायचा, म्हणजे मागचा ओरखडा राहिला असेल तर लगेच दिसतो. एका कव्हराला सहा-सात तास, पाण्यात हात, मान खाली. बावीस वर्षं ती हेच करत होती. मग भाऊ चाकाला पॉलिशचा साबण लावून कव्हर धरायचा आणि पाच मिनिटांत त्यात नाकातले केस दिसायचे.

"काय हात आहे हो तुमचा!" गिऱ्हाईक भावाला म्हणायचं.

"हात तिचा. मी फक्त बटण दाबतो," भाऊ म्हणायचा.

लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे. तो खरं बोलत होता, पण एवढं डोकं चालवायला कोणाला वेळ आहे?

शेजारी एक रंगारी होता. तो ॲल्युमिनियमवर सरळ चंदेरी रंगाचा फवारा मारायचा आणि त्याला 'नवीन केलं' म्हणायचा. "मढ्याला पावडर लावतो," आक्का म्हणायची. हे ती त्याच्या तोंडावर म्हणायची. पाठीमागे बोलणं तिला जमायचं नाही, तेवढा धीरच नव्हता.

पण तिचा खरा राग सोड्यावर. मोरी तुंबली की ओततात तो. त्यात ॲल्युमिनियम बुडवलं की वरचं जुनं लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, घासल्याशिवाय सुटतं. आणि जरा जास्त वेळ राहिलं तर लॅकरबरोबर ॲल्युमिनियमही सुटतं. भावजयीचा भाऊ इथे सहा महिने कामाला होता. त्यानं एकदा घासायचा कंटाळा आला म्हणून एक कव्हर सोड्यात टाकलं. आक्कानं त्याचा जेवणाचा डबा नेऊन रस्त्यावर ठेवला, आणि डब्याच्या मागोमाग त्याला. "हे ॲल्युमिनियम आहे, मोरीचा पाइप नाही!" सगळी गल्ली ऐकत होती. त्या दिवसापासून त्याचं नाव सोडाबाटली. भावजय अजून आक्काशी धड बोलत नाही, आणि आक्कालाही त्याचं काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आक्का कोणाला सांगत नव्हती. तिचा उजवा अंगठा वर्षभर बुडाशी ठणकत होता. ओलं फडकं पिळता यायचं नाही, बरणीचं झाकण ती दातांनी उघडायची. रबरी हातमोज्याच्या आत पट्टी गुंडाळायची आणि भावाला सांगायची, पाण्यानं कातडी सोलते म्हणून. भावाला कळलं तर तो तिला घरी बसवणार. मग स्टुलावर कोण? सोडाबाटली रिकामाच होता आणि भावजय टपून होती. तो माणूस आपल्या स्टुलावर बसलाय, एवढं नुसतं मनात आलं तरी आक्काचा अंगठा आणखी दुखायचा.

त्यात दातांच्या डॉक्टरचं काम आलं. ह्या माणसाकडे एक जुनी मोटरसायकल होती. ती तो चालवायचा कमी, ढकलायचा जास्त. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता म्हणून त्यानं कव्हर आणून दिलं. वर पिवळं पडलेलं कंपनीचं लॅकर, मधोमध कंपनीचं नाव उठावाच्या सात अक्षरांत.

"मी घरी थोडं साफ केलंय," डॉक्टर म्हणाला. "दंतमंजनानं."

आक्का दोन दिवस हसत होती. "चूळ पण भरायला लावली का त्याला?"

मंगळवारी दुपारी भाऊ नवीन चाक आणायला गेला होता. आक्कानं लॅकर काढायचं औषध दोनदा लावलं. सपाट भाग सुटला. अक्षरांच्या बेचक्यातलं काही केल्या सुटेना. तिथे लाकडी पट्टीला पेपर गुंडाळून अंगठ्यानं दाबत बसावं लागतं. तिनं दाबलं आणि कळ कोपरापर्यंत गेली. पुन्हा दाबलं. पट्टी हातातून पडली.

सोड्याचा डबा मोरीखालीच होता.

दोन मिनिटं, ती स्वतःला म्हणाली. आपल्याला कळतं कधी काढायचं ते. आपण काय सोडाबाटली आहोत?

तिनं टबात पाणी घेतलं, सोडा टाकला, कव्हर सोडलं. तेवढ्यात दारातून रंगारी ओरडला, "आक्का, हे बघा तरी! आता तरी बरं म्हणा!" त्याच्या हातात चंदेरी रंगवलेलं कव्हर.

ती बाहेर गेली. आधी म्हणाली, ह्यापेक्षा पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद बरा दिसतो. मग कडेला नखानं पोपडा काढून दाखवला. मग दुसरा काढला. मग त्याच्या गुरूची चौकशी केली, गुरू होता का म्हणून. रंगारीही हसायला लागला, दोन माणसं थांबली, आक्का रंगात आली. चांगली बारा मिनिटं. आतून उग्र, गरम वास आला तेव्हा ती वाक्य अर्धवट टाकून आत धावली.

टब फसफसून वर आला होता. कव्हर काळंठिक्कर. टब मोरीत उपडा करून कव्हर पाण्याखाली धरून पुसलं तर काळं गेलं आणि खाली खरबरीत, खड्ड्याखड्ड्यांचं अंग निघालं. सातातली तीन अक्षरं विरघळून पुटकुळ्या झाली होती.

भाऊ आला. त्यानं कव्हर उचललं. "आक्का, हे काय?"

"बघ ना," आक्का म्हणाली.

एवढंच म्हणाली. बाकीचं भावानंच जुळवलं. "त्या दातवाल्यानं सोड्यात घातलंय! म्हणे दंतमंजन! अक्षरांच्या बेचक्यात साचून राहिला असणार, औषध लावल्यावर उसळला!" आणि त्यानं फोन करून डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर पेशंट सोडून पांढऱ्या कोटातच आला, मास्क हनुवटीला लोंबत.

"खोटं कशाला बोललात?" भाऊ सुरूच झाला.

"अहो, मी फक्त मंजन..."

"मंजनानं अक्षरं जातात?"

"माहीत नाही हो. दातांना तरी असं होत नाही." डॉक्टर कव्हर उलटसुलट करत बसला. "मी जरा जोरात घासलं होतं, हे खरं आहे."

"जोरात! विचारायचं होतं. एवढं शिकून माणूस धोंडाच राहतो तो असा."

हे सगळे आक्काचेच शब्द होते. भावाच्या तोंडून ते बाहेर येत होते आणि तिला ऐकवत नव्हते. समोर आयतं गिऱ्हाईक, चूक स्वतःच कबूल करायला निघालेलं. एरवी तिनं त्याला सोलून वाळत घातला असता.

"बावीस वर्षं ही बाई घासतेय," भाऊ म्हणाला. "हिच्या हातून एक खड्डा पडलेला दाखवा, मी मोटर विकतो."

"गप बस," आक्का म्हणाली. "विकावी लागेल."

"काय?"

"मी बुडवलं. सोड्यात."

भाऊ हसला. मग तिनं हातमोजा काढला, पट्टी सोडली, सुजलेला अंगठा पुढे केला. "हा वळत नाही. वर्ष झालं."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"सांगितलं असतं तर तू त्या सोडाबाटलीला बसवला असतास."

"त्याला मी दारातसुद्धा उभा करत नाही."

"तुझ्या बायकोनं बसवला असता."



आक्का डॉक्टरकडे वळली. "तुमच्या मंजनाची काही चूक नाही. तुम्ही येडे आहात, पण ह्या कामात नाही. अक्षरं गेली ती गेली. खड्डे मी काढून देते. दुसरं कव्हर मिळालं तर आणा, तेही आम्हीच करू. आणि रविवारी कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, मंजनाचं नको."

डॉक्टरनं मान हलवली. मग म्हणाला, "अंगठा बघू जरा."

"तुम्ही दातांचे."

"आमचेही अंगठे जातात हो. दिवसभर चिमटे धरून." त्यानं स्वतःचा वाकडा अंगठा पुढे केला.

आक्कानं तो नीट तपासला. "हे काहीच नाही," ती म्हणाली.

डॉक्टर गेला. भावानं मोटर बंद केली, मागे आला आणि बुटक्या स्टुलावर बसला. गुडघे पार कानाशी. एकशेऐंशीचा पेपर भिजवून घासायला लागला. आक्का त्याच्या डोक्यावर उभी.

"ऊठ. माझी जागा आहे ती."

"तुझीच आहे. तू नुसतं सांग."

"मग पेपर दुमड, चुरगळू नको. आडवं मार. जोर लाव, गोंजारतोस काय? चाकावर मी उभी राहीन, तिथे अंगठ्यानं दाबावं लागत नाही. पण हे असलं घासलेलं माझ्या चाकावर येणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"हो गं बाई."

संध्याकाळपर्यंत त्यानं तळहाताएवढा भाग घासला आणि तो उजेडात धरून तिला दाखवला. आक्कानं कव्हर तिरकं केलं, बोट फिरवलं, आणि त्याच्या हातात परत दिलं.

"पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली.