टिटवीची बेटं

मच्छिंद्रनं नांगरलेलं रान बांधावरूनच ओळखू यायचं. तासं सरळ, ढेकळं सारखी, आणि मधेच कुठंतरी खाटेएवढा तुकडा नांगराविना तसाच सोडलेला. तिथं टिटवीची अंडी असायची. टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या रानात, दगडगोट्यांत अंडी घालते आणि मग कुणी जवळ आलं की साऱ्या जगाच्या नावानं ओरडत सुटते. मच्छिंद्र तिला वळसा घालून ट्रॅक्टर न्यायचा. गावात त्या तुकड्यांना ‘मच्छिंद्रची बेटं’ म्हणत. ट्रॅक्टरचे मालक पोपटराव कुरकुरायचे, पण बेटं काही मोडायला लावायचे नाहीत.

न्हावऱ्यापासून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचं हे गाव. पंचवीसेक वर्षं मच्छिंद्रनं इथली माती उलटीपालटी केली, पण माणूस कंटाळला म्हणून नाही. पौषात हरभऱ्याला आलेली घाट्यांची गर्दी, चैत्रात बगळ्यांच्या मानेवर चढणारा केशरी रंग, कालव्याच्या वळणावर पिवळाधमक होणारा बहावा, यातलं काही ना काही तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा. हातपाय धुऊन उंबऱ्यात बसला, की बायकोला, सोजरबाईला, दिवसाची बातमी सांगायचा. टीव्हीवरच्या बातम्या त्यानंतर. सोजरबाई भाकरी थापता थापता “व्हय का?” म्हणायची आणि तिला ते बरं वाटायचं.

यंदा चैत्रात गहू निघाला आणि पोपटरावांच्या नदीकडच्या रानात नांगरट लागली. दुपारी पोपटराव बघायला आले, तर मधोमध चांगलं अंगणाएवढं बेट!

“आरं मच्छिंद्र, टिटवी हाय का हत्तीण?”

“आबा, अंडी हायेत. चार.”

पोपटराव काठी टेकत आत गेले. वाकले, एक अंडं उचललं आणि दुसऱ्यावर आपटलं. ठण्ण आवाज झाला. चार गोल गोटे होते, करड्या ठिपक्यांचे. पोपटरावांना हसू आवरेना.

“ऱ्हाऊ दे आता हे बेट असंच. दगडाला पिल्लं फुटली म्हंजी कळव मला!”

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पारावर पोचली. मच्छिंद्रही सगळ्यांबरोबर हसला. पण घरी येताना त्याला तेच आठवत राहिलं. ट्रॅक्टर एवढा जवळ गेला आणि टिटवी ओरडली नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन वर्षं झाली, त्याच्या डोळ्यांपुढं धुकं साचत चाललं होतं. कुणाला सांगितलं तर ट्रॅक्टर जाईल, म्हणून तो गप्प होता. अंडी चुकून चिरडली जाऊ नयेत म्हणून बेटं मोठी मोठी करत चालला होता.

त्या दिवशीही तो उंबऱ्यात बसला आणि बातमी द्यायची म्हणून म्हणाला, “कालव्यावरचा बहावा फुललाय बघ. निस्ता पिवळा झालाय.”

सोजरबाईचा हात परातीतच थांबला.

“अवं,” ती हळूच म्हणाली, “तो बहावा दिवाळीतच तोडला. रस्ता रुंद करायचाय म्हणून. तिथं आता पिवळा जेसीबी उभा असतोय.”

मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या झाडाची बातमी तो दर उन्हाळ्यात आणायचा, ते गेलेलंही त्याला कळलं नव्हतं.

“तुला ठावं हुतं? माझ्या डोळ्यांचं?”

“कवाचं. मागल्या साली तुमी उसाच्या तुऱ्याला बगळं म्हणालात, तवाच. तुमी आपणहून सांगाल म्हणून वाट बघितली. उद्या शिरूरला दवाखान्यात जायचं.”

“न्हाई. माझ्या बापानं आपरेशन केलं आन् हाय तो डोळा घालवून बसला. धूसर का हुईना, दिसतंय मला. तेबी गेलं तर मी काय करू? नुसता खाटंवर पडून टिटवी ऐकू?”

“तुमच्या बापाच्या येळंचा दवाखाना येगळा. आन् आत्ता तरी काय बघताय? जेसीबीच ना?” सोजरबाईचा आवाज चिरकला. “मला तुमच्या खोट्या बातम्या नकोत.”

दुसऱ्या दिवशी एसटीत तो खिडकीशी बसला आणि शिरूर येईपर्यंत बाहेर बघत राहिला. पुन्हा दिसलं नाही तर असावं म्हणून.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दवाखान्याच्या आवारात कडुलिंब होता. मच्छिंद्र पायरीवर उभा राहून त्याच्याकडं बघतच राहिला. पान न् पान सुटं दिसत होतं, मधे बारीक पांढरा मोहोर, त्यावर माश्या. खाली उतरायचं त्याला सुचेना. सोजरबाईनं त्याचा दंड धरला, तर त्यानं वळून तिलाच निरखून पाहिलं.

“केस लई पिकलं की गं तुझं.”

“घ्या! ही पहिली बातमी,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं. पोपटरावांना खरा प्रकार कळला, तेव्हा त्यांनी मच्छिंद्रला आधी शिव्या घातल्या आणि मग ट्रॅक्टर शेडमध्ये लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. महिना सरला तसं मच्छिंद्रला बोलावून ती त्याच्या हातावर ठेवत म्हणाले, “चल, तुझ्या दगडांचं बेट तूच मोड.”

रोहिणी लागल्या होत्या. ट्रॅक्टर बांधाशी लावून मच्छिंद्र आधी पायीच आत गेला. चार पावलं टाकतोय तोच टिटवी उठली. ओरडत थेट त्याच्या टोपीवर झेपावली, वळली, पुन्हा आली. तो जागच्या जागी थांबला आणि खाली बघितलं. चार गोटे होते तिथंच होते. त्यांच्या शेजारी, खड्यांच्या आळ्यात, तीन अंडी होती.

डोळ्याला हात लावायचा नाही, असं सांगितलेलं होतं. त्यानं पाणी तसंच गालावर येऊ दिलं.

“काय झालं रं?” पोपटराव बांधावरून ओरडले.

“आबा, दगडाला पिल्लं फुटायची हायेत!”

पोपटराव आले. कपाळावर हात धरून वाकून वाकून बघितलं. “कुठं? समदं दगडच तर हायेत.”

मच्छिंद्रनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. “आबा, सोमवारी मोकळं हाय का? शिरूरला जाऊन येऊ.”

संध्याकाळी हातपाय धुऊन तो उंबऱ्यात बसला. “आज टिटवीनं अंडी दावली. तीन हायेत.”

सोजरबाईनं तवा खाली उतरवला आणि चूल विझवली. इतक्या वर्षांत तिनं कधी केलं नव्हतं, ते केलं. पदर खोचून दारात उभी राहिली.

“चला,” ती म्हणाली, “उजेड हाय तवर मलाबी दावा.”