आंब्याच्या खोडातली फूलमाशी

नवरा गेल्यावर धम्मदिनानं वडप्याच्या गोदामात आठ वर्षं पेट्या उचलल्या. कंबर कामातून गेली, तेव्हा दिघाशीच्या रामनाथ शेठनं तिला वाडी राखायला ठेवलं.

वाडीत आंब्याचं एक खोड कुजत पडलं होतं. आत काळ्या मुंग्यांचं घर. एकदा तिनं साल उचकटली, तर मुंग्यांच्या पिल्लांमध्ये अर्ध्या वाटाण्याएवढे करडे गोळे चिकटलेले. बघता बघता एक गोळा सरकला आणि पिल्लावर चढला. थोड्या वेळानं पिल्लाचं नुसतं टरफल उरलं. मुंग्या शेजारून ये-जा करत होत्या, एकीनंही त्या गोळ्याला डंख मारला नाही.

तिची भाची दीक्षा भिवंडीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती येऊन बघून गेली.

"मावशे, फूलमाशीची अळी आहे ही. अंगाला मुंग्यांचाच वास. त्यांना ती घरातलीच वाटते."

"पोरं खाल्ली तरी?"

"तरी."

धम्मदिनाला किळस आली, पण ती रोज बघत राहिली. दीक्षानं दिलेल्या वहीत दोन वर्षं लिहीत राहिली: कोष कधी झाला, माशी कधी निघाली, अंडी कुठं घातली.

मग एका रविवारी शेठचा मुलगा देवेश मित्रांना घेऊन जेवायला आला. एकाला मुंगी चावली. देवेशनं गाडीतून पेट्रोल आणून खोडावर ओतलं.

"देवेशभाऊ, नको. माझी भाची न्यायला येनार हाय त्यातलं."

"मुंग्यांसाठी रडते काय? तूच लाव काडी. न्हायतर उद्यापासून येऊ नको."

मित्रांनी मोबाइल धरले. कुणीतरी हसलं. धम्मदिनानं काडी ओढली.

मुंग्या पिल्लं तोंडात धरून बाहेर धावल्या आणि पेटल्या. "मस्त आला व्हिडिओ," देवेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिला खोडाखालच्या मातीत एक धड कोष सापडला. तो तिनं डब्यात ठेवला. आठवड्यानं माशी निघाली. धम्मदिनानं डबा उघडला, तशी ती उडून जळक्या खोडावर जाऊन बसली. तीन दिवस तिथंच. कोळशावर पांढरी अंडी घातली आणि मेली. धम्मदिनानं तेही लिहिलं.

दीक्षा आली. तिनं जळकं खोड पाहिलं, वही वाचली.

"काडी कोणी लावली, मावशे?"

"मी."

दीक्षा वही घेऊन निघाली, पाणीसुद्धा न पिता.

दोन महिन्यांत वाडीची जमीन गोदामाला गेली. शेठनं धम्मदिनाला तसंही काढलंच. आता ती कंबरेला पट्टा बांधून पुन्हा वडप्याला जाते. दीक्षा तिचा फोन उचलत नाही.