गव्हाच्या वाटेला न जाणारे काका

आख्ख्या भोर तालुक्यात गव्हाला आमच्या शेजारच्या काकांइतकं घाबरून असणारा माणूस सापडायचा नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त व्हायला त्यांचे थोडेच महिने उरले होते, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केलं: गव्हातल्या ग्लूटेनमुळे त्यांचं शरीर स्वतःच्याच आतड्यांवर उठतं, गहू आयुष्यभर बंद. तेव्हापासून काका लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी आचाऱ्याला भेटतात. कामथडीच्या एका लग्नात त्यांनी आमटी घेण्यापूर्वी हिंगाची डबी मागवली. "काका, हिंगात हिंगच असतोय," आचारी वैतागला. काकांनी खिशातलं भिंग काढून डबीवरची बारीक अक्षरं त्यालाच वाचायला लावली. त्यात गव्हाचं पीठ निघालं! मग काकांनी पिशवीतली ज्वारीची भाकरी काढली आणि दह्याशी शांतपणे खाल्ली.

त्या भिंगाला मी चारचौघांत हसलो, आणि वर्षभरात माझीच बोटं सुजली. संधिवात निघाला, तोही शरीर स्वतःच्या सांध्यांवर उठण्याचाच प्रकार. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या सुरू केल्या. मी कॉलेजात विज्ञान शिकवणारा माणूस. दोन्ही दुखणी एका जातीची, म्हणजे पथ्यही एकच, असा शोध मी लावला आणि काकांना न विचारताच त्यांचा शिष्य झालो. पंधरा दिवसांत बरं वाटलं. ते गोळ्यांमुळेही असू शकेल, हे काही मला सुचलं नाही. मी गोळ्याच सोडल्या आणि स्टाफरूममध्ये गव्हाविरुद्ध व्याख्यानं देऊ लागलो.

एका सकाळी मला शर्टाची बटणंही लावता येईनात. बायकोने काकांना हाक मारली. त्यांनी एकेक बटण लावलं आणि विचारलं, "गोळ्या चालू हायत न्हवं?"

मी खाली बघितलं. काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "आवो सर, गहू सोडणं हे माजं औषध. तुमचं औषध त्या गोळ्या. डॉक्टरला न इचारता सोडल्याच कशा?"

तेच मला एसटीने पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि तुम्हाला गहू खायला हरकत नाही म्हणाले. बाहेर खानावळीत मी गरम चपाती मागवली. काका आपली भाकरी हातात धरून माझ्या ताटाकडे बघत राहिले.

"खावीशी वाटते?" मी विचारलं.

"लई," ते हसले. "गहू बंद झाला त्याच्या आदल्या दिवशी आमच्या हिनं गरम चपाती वाढली हुती. म्या निम्मी ताटातच टाकून उठलो. ड्यूटीची येळ झालेली."

मी माझी चपाती शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. सुजल्या बोटांनी बराच वेळ लागला. काका थांबले.