डावा गुडघा

"गुरुवार, १५ सप्टेंबर २०२२. ऍग्नेस पहाटे पाचला राणीच्या अंत्यदर्शनाच्या रांगेसाठी निघाली. चीज-सँडविच आणि हृदयाच्या गोळ्या दिल्या. बोलणं झालं नाही."

मॉरीननं डायरी मिटली. बोलणं झालं नाही, कारण आदल्या दिवशी या रांगेवरूनच भांडण झालं होतं. ऍग्नेस तिची धाकटी बहीण, एकोणऐंशीची. दोघी विधवा झाल्यापासून क्रॉयडनच्या या घरात एकत्र राहत होत्या. "पडलीस तर मी उचलायला येणार नाही," असं मॉरीन तिला बोलून बसली होती. आता तेच वाक्य तिला सकाळपासून टोचत होतं.

आठवडाभर टीव्ही बंद झाला नव्हता. निवेदक काळ्या टायमध्ये, फाटकांवर फुलांचे ढीग. एका वाहिनीवर तर नुसती शवपेटी. माणसं येत होती, मान झुकवत होती, जात होती. मॉरीनला बघवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

शेजारची ग्लेनिस चहाला आली ती तिथेच बसली. "बहीण दिसली की सांग हं, सही घेऊन ठेवते तिची! आणि मधेच बाहेरच्या नदीचं चित्र आलं की समजायचं, आत कुणीतरी कोसळलं. तेवढं दाखवत नाहीत ते."

अडीचला ऍग्नेसचा फोन आला. "हॉलच्या दाराशी पोचले गं. आता फोन बंद करायला सांगताहेत. निळी टोपी बघ!"

दहा मिनिटांनी निळी टोपी दिसली. शवपेटीसमोर थांबली. आणि सरळ खाली गेली.

पडद्यावर नदी आली.

"अरे देवा," ग्लेनिस म्हणाली.

मॉरीननं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. प्रार्थना म्हणायला गेली तर दुसरी ओळच आठवेना. नदी नुसती वाहत होती. पाच मिनिटं झाली, मग दहा. चित्र परत आत गेलं तेव्हा तिथे निळी टोपी नव्हती. मॉरीननं कोट चढवला. बटणं लागत नव्हती.

"अगं, निघालीस कुठे?"

"तिला उचलायला."

ती दारात असतानाच फोन वाजला.

"मॉरीन, ओरडू नकोस. पडले नाही, गुडघा टेकवला!"

"सगळे मान झुकवत होते ना?"

"पण सिस्टर इमेल्डानं शाळेत काय घोटून घेतलं होतं? देवापुढे उजवा, राजापुढे डावा. पाय आपोआप वाकला बघ. आणि डावा नेमका ऑपरेशनचा! खाली गेले ती गेलेच. दोन पोलिसांनी काखेत हात घालून उभं केलं. काय देखणे होते गं!"

ग्लेनिस खो खो हसली. मॉरीनला हसू येईना. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"टॅक्सी कर. आणि फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

"तासभर? काय बोलू?"

"काहीही. कुठे पोचलीस ते सांग."

ऍग्नेस रस्त्यांची नावं सांगत राहिली. मधेच दम घ्यायला थांबली की मॉरीन घाबरून विचारायची, "पुढे?" दारात टॅक्सी थांबली, ऍग्नेस लंगडत आत आली, तरी मॉरीनच्या कानाला फोन तसाच होता.

त्या संध्याकाळी तिनं डायरीत लिहिलं: "फ्रीजरमधली मटारची पिशवी ऍग्नेसच्या सुजलेल्या गुडघ्याला बांधली. म्हणून जेवायला नुसते बटाटे."