शनीसाठी काचेला भोक

वडिलांनी आयुष्यभर दर शनिवारी शनीला तेल वाहिलं. पायांतलं बळ गेल्यावर ते मला म्हणाले, "एवढं त्याल घातलंय, एकदा त्वांड तरी बघू दे की त्येचं." मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरी दुर्बिणीचा आरसा घासत बसायचो, म्हणून ही फर्माईश.

आरशाच्या साध्या दुर्बिणीत डोळा लावायचा तो नळीच्या वरच्या टोकाशी, उभं राहून. वडिलांना उभं राहणंच जमेना. आरशाच्या मधोमध भोक पाडलं, तर खुर्चीत बसून मागूनच बघता येणार होतं. वर्षभर घासून खोलगट केलेली काच छातीशी धरून मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात गेलो.

तिथल्या मिस्त्रींनी काच राळेनं फळीवर चिकटवली, ड्रिल मशीनला तांब्याची नळी लावली आणि कुरुंदाची पूड, पाणी सोडत नळी हळूहळू खाली उतरवली. माणूस हलक्या हाताचा होता. माझाच जीव टांगणीला लागलेला. दुपारपर्यंत कागदाच्या जाडीएवढी काच कापायची उरली.

मग मशीन थांबवून त्यांनी नळी वर घेतली. "हितनं फुडं आपल्या हातात काय न्हाय, मास्तर," म्हणाले आणि नारळ मागवला. अवघड कामाला नारळ फोडायचा, हा तिथला रिवाज. मशीनला हळदकुंकू लागलं. मला वाटलं, नारळ उंबऱ्यावर फोडतील. "मिस्त्री, जरा..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. डोळे मिटून, माझ्या वडिलांचं नाव घेऊन त्यांनी नारळ मशीनच्या, काच ठेवलेल्या लोखंडी पाटावरच आपटला.

टक् असा बारीक आवाज आला. तो नारळाचा नव्हता. भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती.

मिस्त्री मटकन खाली बसले. "चांगल्यासाठीच केलं वो म्या." शिवी द्यावीशी वाटली, रडावंसंही वाटलं, आणि दोन्हींतलं काहीच जमलं नाही. कुणीतरी हातावर खोबरं ठेवलं, ते मुकाट्यानं खाल्लं.

घरी आलो तर वडील दाढी करून, धुतलेला पटका बांधून बसलेले. त्यांच्या हिशेबी भोक पडलं की काम झालं.

"शनीम्होरं बोडक्यानं कसं जायचं?" ते म्हणाले. "किती वाजता दावतोस?"

"आज ढग हायत, अण्णा."

त्यांनी खिडकीतून वर पाहिलं. आभाळ लख्ख मोकळं होतं. ते हळूहळू पटका सोडू लागले.